खारं की गोडं: ईलच्या पिल्लांपुढचा पाण्याचा प्रश्न

बहुतेक माशांना एकाच प्रकारचं पाणी मानवतं. समुद्रातला मासा नदीत सोडला तर तगत नाही, नदीतला समुद्रात सोडला तर त्याचीही तीच गत. ईलचं पिल्लू मात्र भर समुद्रात जन्मतं, प्रवाहाबरोबर शेकडो, कधी हजारो किलोमीटर वाहत किनाऱ्याला लागतं आणि नदीच्या मुखातून गोड्या पाण्यात शिरतं. त्या वेळी त्याची लांबी असते जेमतेम सहा-सात सेंटिमीटर आणि वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. एवढ्याशा जिवाला हे जमतं कसं, याचं उत्तर गेल्या शंभरेक वर्षांत बऱ्यापैकी हाती आलं आहे. पण त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. जमतं म्हणून प्रत्येक पिल्लू गोड्या पाण्यात जातंच का? तर नाही. सोसणं वेगळं आणि निवडणं वेगळं. ईलच्या निरनिराळ्या जातींत सोसण्याच्या बाबतीत फारसा फरक नाही. फरक दिसतो तो निवडण्यात.

इथे ईल म्हणजे अँग्विला कुळातले मासे. जगभरात त्यांच्या सोळाच्या आसपास जाती आहेत. युरोपीय, अमेरिकी आणि जपानी या थंड-समशीतोष्ण भागातल्या तीन जातींवर सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे. त्यांच्याशिवाय न्यूझीलंडचा लांब पराचा ईल आहे, उष्ण प्रदेशातले मार्मोराटा आणि बायकलर आहेत, भारतीय उपखंडातल्या नद्यांत सापडणारा बेंगालेन्सिस म्हणजे अहीर आहे. विजेचा झटका देणारा इलेक्ट्रिक ईल या कुळातला नाही, त्याचा फक्त आकार तसा. काँगर आणि मोरे हे मात्र नात्यातले, पण जवळपास सगळे जन्मभर समुद्रातच राहणारे.

मुळात अडचण काय?

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या पाण्यात त्यांचं प्रमाण नगण्य. माशाच्या रक्ताची क्षारता या दोहोंच्या मधली, समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. पाणी नेहमी कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे झिरपतं. मीठ लावून ठेवलेल्या काकडीला पाणी सुटतं ते याच कारणाने. त्यामुळे समुद्रातला मासा पाण्यात राहूनही सतत पाणी गमावत असतो आणि वर बाहेरचं मीठ त्याच्या अंगात घुसत असतं. नदीत सगळं उलटं होतं. पाणी आत घुसतं आणि अंगातले क्षार बाहेर निसटतात.

श्वासासाठी कल्ल्यांची कातडी पातळ ठेवावीच लागते, म्हणजे ही गळती पूर्ण थांबवता येत नाही. मासा ती फक्त भरून काढू शकतो आणि समुद्रातल्या व नदीतल्या गळतीवरचे उपाय एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. ईलच्या पिल्लाला एका उपायावरून दुसऱ्यावर जावं लागतं आणि तेही अंगात फारशी शिल्लक नसताना.

समुद्रातलं बालपण

अंड्यातून बाहेर पडलेली ईलची अळी आईबापांसारखी मुळीच दिसत नाही. चपटी, पानाच्या आकाराची, आरपार पारदर्शक. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ काउप यांनी १८५६ मध्ये तिला चक्क वेगळा मासा समजून लेप्टोसेफॅलस ब्रेव्हिरोस्ट्रिस हे नाव दिलं होतं. ग्रासी आणि कालांद्रुच्चो या इटालियन संशोधकांनी १८९० च्या दशकात तिचं ईलमध्ये रूपांतर होताना पाहिलं, तेव्हा कुठे हा गुंता सुटला. लेप्टोसेफॅलस हे नाव मात्र अळीच्या अवस्थेला चिकटून राहिलं. पुढे डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी वर्षानुवर्षं अटलांटिक पिंजून काढला, लहानात लहान अळ्या कुठे मिळतात ते पाहिलं आणि १९२२ मध्ये युरोपीय ईलचं जन्मस्थान सारगॅसो समुद्रात असल्याचं मांडलं. अमेरिकी ईलही त्याच भागात जन्मतो. जपानी ईलची अंडी प्रत्यक्ष समुद्रात सापडायला २००९ साल उजाडावं लागलं. ती मारियाना बेटांच्या पश्चिमेला मिळाली.

जपानी ईलच्या बाबतीत तर क्षारतेचा संबंध जन्माआधीच सुरू होतो. त्या भागातल्या प्रशांत महासागरात पावसामुळे थोडं सौम्य झालेलं पाणी आणि उत्तरेकडचं जास्त खारं पाणी यांच्यात एक सीमारेषा तयार होते. अंडी घालायला आलेले ईल या सीमेच्या जरा दक्षिणेला जमतात, त्यामुळे ती सीमा त्यांना खुणेसारखी उपयोगी पडत असावी असं मानलं जातं. एल निन्योच्या वर्षांत ही सीमा दक्षिणेकडे सरकते आणि जन्माची जागाही सरकते. मग अळ्यांना पूर्व आशियाकडे नेणारा कुरोशिओ प्रवाह गाठणं अवघड होतं आणि बऱ्याच अळ्या मिंदानाओ प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे भरकटतात. क्षारतेतला हा फरक अगदी थोडा असतो, तरी एका पिढीतली किती पिल्लं किनाऱ्याला लागणार यावर त्याचा परिणाम होतो.

अळीचे कल्ले अजून पुरते तयार झालेले नसतात, मग मीठ बाहेर टाकायचं कुठून? तर कातडीतून. जपानी ईलच्या अळ्यांच्या अंगभर मीठ बाहेर ढकलणाऱ्या खास पेशी विखुरलेल्या सापडल्या आहेत. शिवाय ती समुद्राचं पाणी पिते आणि त्यातलं मीठ वेगळं करून टाकून देते. तिच्या शरीरात स्नायू थोडे आणि पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा गर भरपूर असतो. म्हणजे खाऱ्या पाण्यातलं जगणं तिला जमतं, पण फुकटात नाही. प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी निम्मं पातळ करून त्यात जपानी ईलच्या अळ्या वाढवल्या तेव्हा त्यांची वाढ आणि जगण्याचं प्रमाण दोन्ही सुधारलं. ज्या पाण्यात ती जन्मते आणि महिनोन् महिने राहते, तेच पाणी तिला वाढीसाठी सगळ्यात सोयीचं नाही, ही गोष्ट मला या सगळ्या अभ्यासातली फार बोलकी वाटते.

कल्ल्यात काय घडतं?

किनारा जवळ येऊ लागला की अळीचं रूपांतर होतं. चपटं शरीर आकसून गोल होतं, लांबी घटते आणि तयार होतो ग्लास ईल. तो जवळून पाहण्यासारखा असतो. अंगाला रंग नाहीच. दोन काळे डोळे, पाठीच्या कण्याची बारीक रेघ आणि डोक्यामागे लालसर ठिपका, तो म्हणजे हृदय आणि कल्ले. बाकी शरीरातून पलीकडचं दिसतं. या रूपांतराच्या काळात तो खाणं थांबवतो, साठवलेल्या चरबीवर भागवतो. कातडीतल्या मीठ टाकणाऱ्या पेशी आता कमी होतात आणि ते काम कल्ल्यांकडे जातं.

कल्ले हे काम करतात हे कळलं तेही ईलमुळेच. होमर स्मिथ यांनी १९३० मध्ये समुद्राच्या पाण्यात लाल रंगद्रव्य मिसळून त्यात ईल ठेवले. ते द्रव्य त्यांच्या आतड्यात साठलेलं मिळालं, म्हणजे ईल समुद्राचं पाणी पितात हे सिद्ध झालं. पण माशाचं मूत्रपिंड रक्तापेक्षा जास्त खारट लघवी तयार करू शकत नाही. मग प्यायलेल्या पाण्यातलं मीठ जातं कुठे? अँसेल कीज यांनी कोपनहेगनमधल्या ऑगस्ट क्रो यांच्या प्रयोगशाळेत ईलचं हृदय आणि कल्ले वेगळे काढून, त्यातून द्रव फिरता ठेवून दाखवलं की कल्ले क्लोराइड बाहेर टाकतात, आणि तेही बाहेर आधीच जास्त मीठ असताना. १९३२ मध्ये कीज आणि विल्मर यांनी कल्ल्यांतल्या ज्या पेशी हे करतात त्यांचं वर्णन केलं. हेच कीज पुढे आहार आणि हृदयविकार यांच्यावरच्या संशोधनासाठी नावाजले गेले, त्यामुळे ईलवरचं त्यांचं हे काम अनेकांना ठाऊकही नसतं.

आज त्या पेशीचं आतलं काम बरंच तपशिलात माहीत आहे. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप अखंड चालू असतो. तो सोडियम पेशीबाहेर काढून पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतो. पेशीतलं सोडियम घटलं की रक्तातलं सोडियम पुन्हा आत यायला पाहतं आणि येताना एका वाहक प्रथिनामार्फत क्लोराइडला सोबत घेऊन येतं. पेशीत क्लोराइड साचतं आणि पाण्याकडच्या बाजूला असलेल्या वाटेने समुद्रात निघून जातं. क्लोराइड बाहेर पडल्यामुळे विद्युतभाराचा जो फरक तयार होतो, त्याच्या ओढीने सोडियमही दोन पेशींमधल्या फटींतून बाहेर सरकतं. या पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले असतात ते याचसाठी.

समुद्रातून नुकत्याच आलेल्या जपानी ग्लास ईलच्या कल्ल्यांत या पेशी मोठ्या आणि भरपूर दिसतात. पिल्लू गोड्या पाण्यात रुळलं की कल्ल्याच्या मुख्य तंतूंवरच्या पेशी लहान होतात आणि तंतूंवरच्या बारीक पापुद्र्यांवर वेगळ्या पेशी दिसू लागतात. समुद्रासाठीची यंत्रणा मोडून नदीसाठीची उभी राहते. पाणी पिणं जवळपास बंद होतं. मूत्रपिंड आता भरपूर आणि पातळ लघवी तयार करतं, म्हणजे आत घुसलेलं पाणी बाहेर जातं आणि क्षार मात्र आत राहतात. या बदलाचा ताबा संप्रेरकांकडे असतो. ढोबळमानाने कॉर्टिसॉल खाऱ्या पाण्याची तयारी घडवतं, प्रोलॅक्टिन गोड्या पाण्याची, तर थायरॉइडची संप्रेरकं रूपांतर आणि हालचाल या दोन्हींमागे असतात.

पिण्याच्या बाबतीत तर ईलची तत्परता थक्क करणारी आहे. गोड्या पाण्यातला ईल समुद्राच्या पाण्यात ठेवला की अंगातलं पाणी कमी व्हायच्या आतच तो पाणी पिऊ लागतो. बाहेरच्या पाण्यातलं क्लोराइड वाढल्याची जाणीवच त्याला पुरते.

आणखी एक वेगळेपण आहे. गोड्या पाण्यातले बरेच मासे कल्ल्यांवाटे पाण्यातलं क्लोराइड ओढून घेतात. ईल हे फारच थोडं करतो, त्याचा भर गळती कमी ठेवण्यावर आणि खाण्यातून क्षार मिळवण्यावर असतो. याचा एक फायदा असा की पाण्यात विषारी नायट्राइट असलं तरी ईलला त्याचा त्रास इतर माशांपेक्षा खूप कमी होतो, कारण नायट्राइट क्लोराइडच्याच वाटेने आत शिरतं आणि ती वाट ईलमध्ये जवळपास बंद असते.

जायचं की थांबायचं?

इतकी तयारी असली तरी नदीच्या मुखाशी आलेलं पिल्लू लगेच आत घुसत नाही. ते निमखाऱ्या पाण्यात काही काळ घुटमळतं. पोहण्याची ताकद कमी, म्हणून भरती सुरू झाली की पाण्यात वर येतं आणि आत वाहत जातं. ओहोटी लागली की तळाशी बसतं किंवा वाळूत-चिखलात शिरतं, म्हणजे मागे वाहून जायला नको. अशा भरतीमागून भरती ते आत सरकत राहतं. गोडं पाणी कुठल्या दिशेला आहे हे त्याला चवीने आणि वासाने कळतं. युरोपीय ग्लास ईलवरच्या प्रयोगांत जिओस्मिन या द्रव्याकडे ती ओढली जाताना दिसली. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो याच जिओस्मिनचा. जमिनीवरून वाहत आलेल्या पाण्याची ही ओळख समुद्रात जन्मलेल्या पिल्लाला उपजतच असते.

पण या ओढीची तीव्रता सगळ्या पिल्लांत सारखी नसते. युरोपीय ग्लास ईलना एकीकडून गोडं आणि दुसरीकडून खारं पाणी देऊन कुठे जातात ते फ्रान्समधल्या संशोधकांनी तपासलं. अंगात शिल्लक चांगली असलेली पिल्लं जास्त हालचाल करणारी आणि गोड्या पाण्याकडे वळणारी निघाली. खंगलेली पिल्लं खाऱ्या पाण्याकडे झुकली आणि शांत राहिली. पाणी थंड केलं तेव्हाही गोड्या पाण्याची ओढ कमी झाली. याचा अर्थ असा की नदीत वर चढणं हा खर्चिक बेत आहे, आणि खिशात काही असेल तेच पिल्लू तो आखतं. ज्याची चरबी संपत आली आहे त्याला खाडीत थांबून आधी पोटाचं पाहावं लागतं. यात त्याचं नुकसान होतं असंही नाही. युरोपीय आणि अमेरिकी या दोन्ही जातींत निमखाऱ्या पाण्यात राहिलेले ईल नदीतल्यांपेक्षा साधारणपणे लवकर वाढतात.

अमेरिकी ईलने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला. या जातीतले सगळे ईल सारगॅसोत एकत्र येऊन अंडी घालतात, त्यामुळे प्रत्येक पिढी पूर्ण मिसळलेली असते. नदीतल्या ईलची पिल्लं नदीतच परततील असं काही नसतं, म्हणून नदीचे वेगळे आणि खाडीचे वेगळे असे वंश तयार होऊच शकत नाहीत. तरीही गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात वाढलेल्या ईलच्या जनुकांची तुलना केल्यावर दोन गटांत अनेक ठिकाणी फरक आढळले. म्हणजे ही चाळणी दर पिढीत नव्याने लागते. कुणाला कुठलं पाणी भावतं आणि तिथे कोण टिकतं, यात जनुकांचाही वाटा असतो.

जातीगणिक वाट वेगळी

तैवानच्या नद्यांत जपानी ईल आणि मार्मोराटा दोघेही येतात. दोघांचीही पिल्लं मुखातूनच आत शिरतात, पण पुढे त्यांचे मार्ग वेगळे होतात. मार्मोराटा नदीच्या वरच्या भागात चढत जातो, जपानी ईल मुखाजवळ आणि खालच्या टप्प्यात जास्त राहतो. बायकलरही निमखाऱ्या पाण्यात बऱ्याच प्रमाणात आढळतो. न्यूझीलंडमध्ये लांब पराचा ईल दूर आतल्या ओढ्यांपर्यंत पोचतो, तर आखूड पराचा किनाऱ्यालगतची सरोवरं, दलदल आणि खाड्या पसंत करतो.

हे सगळं कळतं कसं? ईलच्या कानात ओटोलिथ नावाचा बारीक खडा असतो आणि त्यावर आयुष्यभर थर चढत राहतात. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम नदीपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि ते त्या थरांत उतरतं. खडा घासून केंद्रापासून कडेपर्यंत स्ट्रॉन्शियम मोजत गेलं की मासा कुठल्या वयात कसल्या पाण्यात होता ते वाचता येतं. १९९८ मध्ये जपानी आणि युरोपीय ईलचे असे खडे तपासले गेले तेव्हा एक धक्का बसला. पूर्व चीन समुद्रात आणि उत्तर समुद्रात पकडलेल्या काही ईलनी जन्मात कधीही नदी पाहिली नव्हती. पिल्लू म्हणून किनाऱ्याला आले आणि तिथेच मोठे झाले. नंतर इतर जातींतही असे मासे मिळाले, शिवाय नदी आणि खाडी यांच्यात ये-जा करणारेही मिळाले. ईल म्हणजे समुद्रात जन्मून नदीत वाढणारा मासा, ही शाळेत शिकलेली व्याख्या तेव्हापासून अपुरी पडली. नदी ही त्याच्यासाठी सक्तीची नाही, ती एक शक्यता आहे.

मग काही जाती नदीकडे जास्त आणि काही खाडीकडे जास्त का झुकतात? मला पटणारं स्पष्टीकरण अन्नाचं आहे. उष्ण प्रदेशात नद्यांमधलं अन्न आसपासच्या समुद्रापेक्षा मुबलक असतं, तर थंड प्रदेशात समुद्र समृद्ध आणि नद्या तुलनेने गरीब. म्हणून मार्मोराटासारख्या उष्ण भागातल्या जातीला नदीत चढण्याचा मोबदला मिळतो, पण थंड भागातल्या जातींना खाऱ्या पाण्यात थांबणंही परवडतं. मात्र उष्ण प्रदेशातला बायकलर निमखाऱ्या पाण्यात रमतो, म्हणजे हा नियम सरसकट लावता येत नाही. शेजारच्या जातीशी स्पर्धा टाळणं, नदीचा उतार, पाण्याचं तापमान या गोष्टीही त्यात मिसळतात.

दारं बंद झाली की

ही सगळी निवड एका गोष्टीवर अवलंबून आहे: खाऱ्यापासून गोड्यापर्यंत हळूहळू बदलत जाणारं पाणी उपलब्ध असणं. पुरापासून संरक्षणासाठी नदीच्या मुखाशी दरवाजे आणि बांध घातले जातात तेव्हा नेमका हाच पट्टा नाहीसा होतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गोडं पाणी, मध्ये भिंत. पिल्लं भिंतीपाशी साठतात, त्यांच्याकडची थोडी चरबी तिथेच संपते. युरोपीय ईलची किनाऱ्याला लागणारी पिल्लं १९६० आणि १९७० च्या दशकांच्या तुलनेत काही टक्क्यांवर आली आहेत. त्याला अतिमासेमारी, परजीवी, प्रदूषण, जलविद्युत प्रकल्प अशी बरीच कारणं आहेत आणि बंद झालेली मुखं हे त्यांपैकी एक. युरोपीय ईल अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि जगात ईलची जी शेती चालते ती अजूनही प्रामुख्याने समुद्रातून पकडलेल्या ग्लास ईलवरच चालते. जपानमध्ये २०१० मध्ये ईलचं जीवनचक्र बंदिस्त जागेत पूर्ण करण्यात यश आलं, पण अळ्या वाढवणं अजूनही अवघड आणि महाग आहे.

नेदरलँड्समध्ये हारिंगफ्लीट या मुखावर १९७० पासून मोठे दरवाजे आहेत. नोव्हेंबर २०१८ पासून भरतीच्या वेळीही ते थोडे उघडे ठेवायला सुरुवात झाली, स्थलांतर करणाऱ्या माशांना आत येता यावं म्हणून. त्यासाठी पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचे उपसे आधी आतल्या बाजूला हलवावे लागले, कारण आता खाडीच्या पश्चिम भागात पाणी पुन्हा निमखारं होणार होतं. मीठ ठरलेल्या रेषेपलीकडे जाऊ द्यायचं नाही अशी अट आहे, त्यामुळे ऱ्हाइन आणि मास नद्यांना पुरेसं पाणी असेल तेव्हाच दरवाजे किलकिले होतात आणि दुष्काळात बंदच राहतात.